कितीबी या, पण आधी सांगा

राजारामपुरीत घर आणि रविवारी मटण, म्हटल्यावर पाव्हण्यांना वेगळं आमंत्रण लागत नाही. म्हणून आईचा एकच नियम: "कितीबी जण आणा, पण सकाळी दहाच्या आत सांगा. रश्श्यात पाणी वाढवणाऱ्यातली न्हाई मी."

सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं व्हेरिअ‍ॅडिक टेम्प्लेट (कितीही गोष्टी घेणाऱ्या फंक्शनचा साचा) म्हणजे नेमकं हेच. आकडा कितीही असू दे, पण कंपाइल होतानाच, म्हणजे प्रोग्रॅम चालायच्या आधी कंपायलर तो मशीनच्या भाषेत उतरवतो तेव्हाच, कळला पाहिजे. हे समजायला माझा अख्खा रविवार गेला.

बाजाराचा हिशेब करणारं 'एकूण' नावाचं फंक्शन लिहायचं होतं. व्हेक्टर (आकड्यांची यादी) घेतला असता तर पाच मिनिटांत मोकळा झालो असतो. पण सरळ रस्ता धरला तर नाद कसला! अशा बोचक्यांसाठी २०११ पासून भाषेत तीन टिंबं वापरता येतात. नावाच्या आधी टिंबं म्हणजे बोचकं बांधा, नंतर टिंबं म्हणजे सोडा. मी पहिला आकडा घेतला, उरलेलं बोचकं परत 'एकूण'कडे दिलं. मटण गेलं, खोबरं गेलं, कांदा गेला. शेवटी रिकामं बोचकं पुढं आलं आणि काहीच न घेणारं 'एकूण' मी लिहिलंच नव्हतं. चूक एक, पण कंपायलरनं ती कुणी कुणाला कुठून बोलावलं इथपासून सांगायला घेतली, भावकीच्या भांडणासारखी.

(१९९४ साली एर्विन उन्रू यांनी एक प्रोग्रॅम दाखवला होता. तो कंपाइल होत नव्हता, पण त्याच्या एरर संदेशांतून मूळ संख्या बाहेर पडत होत्या. माझ्या संदेशांत नुसतं 'पूर्णांक' या अर्थाचं इंट, इंट, इंट.)

मग 'इफ' घातलं: बोचक्यात काही असेल तरच पुढं जा. तोच एरर! साध्या 'इफ'चा निकाल प्रोग्रॅम चालताना लागायचा, म्हणून कंपायलर दोन्ही वाटा तयार ठेवतो. माळकरी कोण हे पंगतीत बसल्यावर कळणार असेल तर मटणही शिजवा आणि पिठलंही. 'इफ कॉन्स्टएक्सपर' म्हणजे सकाळीच विचारून घेणं. माळकरी कुणी नाही? मग बेसनाचा डबा उघडायचाच नाही. हा शब्द २०१७ च्या आवृत्तीत आला. तो एक शब्द वाढवला आणि एरर गप्प.

कॉलर ताठ करून मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "भावा, त्याच आवृत्तीत फोल्ड एक्स्प्रेशन हाय की, अख्खं बोचकं एका दमात बेरजेत घालतंय. एका ओळीत हुतंय. शेवटी शून्य तेवढं जोड, म्हंजे बोचकं रिकामं असलं तरी चालतंय."

चार तासांचं काम एका ओळीत बसवत होतो, तेवढ्यात बाहेरून हाक आली, "आरं, मामा आलाय! संगं चौघं हाईत."

घड्याळात एक वाजला होता. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. आई माझ्याकडं पाठ करून तांबड्या रश्श्याच्या पातेल्यात तांब्या ओतत होती.