धूर शेजाऱ्याच्या दारात कसा घालवावा

कारखाना काढताय? अभिनंदन! धुराची काळजी सोडा. धूर स्वच्छ करायला पैसा लागतो, उंच सोडायला नुसतं धुराडं पुरतं.

सुरुवात मात्र कॅनडातल्या सडबरीसारखी करू नका. तिथल्या निकेलच्या खनिजात गंधक फार. ते जाळून काढायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उघड्यावर लाकडांच्या राशी रचायचे आणि वर खनिज घालून महिनोन्महिने धुमसत ठेवायचे. लाकूड अर्थात आजूबाजूच्या जंगलातलं. उरलेली झाडं धुरानं मेली, माती पावसाबरोबर गेली, खाली काळाठिक्कर खडक राहिला. 1971 मध्ये अपोलोचे अंतराळवीर तिथे सरावाला आले. खरं तर ते उल्कापाताच्या खुणा असलेले खडक बघायला आले होते, पण जागा चंद्रासारखी भकास म्हणूनच आले, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. अशी बदनामी धंद्याला बरी नव्हे.

म्हणून 1972 मध्ये तिथे 381 मीटरचं धुराडं धुमधडाक्यात सुरू झालं. राजाबाई टॉवर चार वेळा एकावर एक ठेवला तरी त्याच्या टोकाला पोचणार नाही! गावातली हवा सुधारली. गंधक जळून झालेला सल्फर डायऑक्साइड वायू वाऱ्यावर बसून शेकडो किलोमीटर गेला, वाटेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल झालं आणि ते भलत्यांच्याच अंगणात पडलं. पावसाला कुठे कारखान्याचा शिक्का असतो?

आपलं सरकारही या विद्येत मागे नाही. गंधकाच्या धुराचे नियम डिसेंबर 2015 मध्ये केले, मुदतीमागून मुदती दिल्या आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक औष्णिक वीज केंद्रांना त्यातून मोकळं केलं. अट एवढीच, की धुराडं ठरलेल्या उंचीचं हवं.

थंड मुलुखात तर तुमची चंगळच. हिवाळाभर आम्ल बर्फात गुपचूप साठतं. वसंतात बर्फ वितळू लागला की पहिल्याच पाण्याबरोबर त्यातलं बरंचसं एकदम ओढ्यात उतरतं, नेमकं माशांची पिल्लं अंड्यातून निघायच्या सुमाराला. मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं आणि इतके दिवस निमूट पडून असलेलं अॅल्युमिनियम सुटं होऊन झाडांच्या मुळांना आणि माशांच्या कल्ल्यांना भिडतं. घाबरू नका, फोटो छान येतात. सडबरीच्या नैर्ऋत्येला किलार्नीची तळी आहेत. आम्लानं मासे संपले, शेवाळ विरळ झालं आणि पाणी असं नितळ निळं झालं, की बघणाऱ्यानं वाहवा करावी!

इमारतींचं फारसं मनावर घेऊ नका. आम्लानं संगमरवराच्या वरच्या थराचं जिप्सम नावाचं मऊ खनिज होऊन तो झडतो, पुतळ्यांची नाकं जातात. जुन्या पुतळ्यांना नाक नसलं तरी लोक त्याला प्राचीनच म्हणतात.

बोभाटा झालाच, तर सडबरीचा शेवटचा उपाय करा. लोकांना लावून झाला, आता डोंगराला चुना लावा. 1978 पासून तिथे विद्यार्थ्यांनी आणि मजुरांनी आम्ल मारणारी चुनखडीची पूड पोत्यांतून वाहून हातांनी उतारांवर पसरली, मग गवत पेरलं, मग लाखो झाडं लावली. जंगल खरंच परतू लागलं, कारण दरम्यान सरकारनं धुरावर मर्यादा घालून कंपन्यांना गंधक गाळायला लावलं होतं. हे दुसरं कारण वार्षिक अहवालात छापू नका. झाडांसोबतचा फोटो तेवढा पानभर येऊ द्या.