एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: मासे का मेले

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडून परसातल्या अ‍ॅक्वापोनिक्सचं, म्हणजे माशांच्या टाकीच्या पाण्यावर भाजी वाढवायचं, ५०० लिटरचं किट नेलं, आठवडाभरात मासे मेले, नवे आणून सोडले तर तेही गेले, पालक पिवळा पडला, रोपांच्या बेडमध्ये (वाफ्यात) भरायला क्ले बॉलच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांच्या जागी ‘रस्त्यावरची खडी’ गळ्यात मारली, आणि ‘मासे सोडायला महिनाभर थांबा’ असं आम्ही सांगतो ते परतीची १५ दिवसांची मुदत उलटून जावी म्हणून. स्टार एकच दिलात, त्याबद्दल भांडत नाही. डोळ्यांदेखत मासे तडफडले की कुणाचंही डोकं फिरेल. पण ते मुदतीचं वाक्य उद्या चार लोक वाचतील आणि खरं धरतील, म्हणून उत्तर फोनवर न देता इथंच देतोय.

आधी मुदतीचंच बोलू. पंप पाणी चढवतो का, बेल सायफन (बेडमधलं पाणी ठरावीक पातळीला आलं की टाकीत परत सोडणारी नळी) भरून आपोआप रिकामा होतो का, टाकी कुठं गळते का, हे सगळं पहिल्याच दिवशी नुसत्या पाण्यावर कळतं. त्यासाठी एकही मासा लागत नाही. किट पसंत नसेल तर १५ दिवस त्याला भरपूर झाले. पुढं पंप बंद पडला तर वर्षभर बदलून देतो, बिलावरच छापलंय. थांबण्यात तुमचं काहीच बुडत नव्हतं.

आता थांबायचं कशासाठी ते. मासा खातो आणि त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात येतो. एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिल्या दोन्ही गोष्टी माशाला विष, तिसरी त्याला फारशी बाधत नाही आणि पालकाला तर तीच हवी असते. अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे एवढंच. बाकी सगळी प्लंबिंग. अडचण अशी की हे जिवाणू फार सावकाश वाढतात. साधे जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात, यांना बहुतेक वेळा अख्खा दिवस लागतो. म्हणून खडीवर त्यांचा थर धरायला चार ते सहा आठवडे जातात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात थोडे कमी. टाकी, पाइप, पंप, खडी आम्ही विकतो. हा थर खोक्यात भरून देता येत नाही. बाजारात जिवाणूंच्या बाटल्या मिळतात, पण नुसत्या बाटलीच्या भरवशावर मी स्वतः मासे सोडणार नाही.

तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय की तिसऱ्या दिवशी ८० मासे सोडले, सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि रंगीत कोई मिळून, बोटाएवढे, आणि दिवसातून तीनदा मूठभर खाद्य टाकलं. हिशेब मांडून बघा. बोटाएवढा मासा १५ ग्रॅमचा धरला तर ८० माशांचं वजन सव्वा किलोच्या आत-बाहेर. रोजचं खाद्य ५० ग्रॅम धरू. तुमची मूठ मोठी असेल तर जास्तच. ३२ टक्के प्रोटीनच्या १०० ग्रॅम खाद्यामागे सुमारे ३ ग्रॅम अमोनिया तयार होतो. म्हणजे रोज दीड ग्रॅम, ५०० लिटरमध्ये लिटरमागे ३ मिलिग्रॅम, आणि तो खाणारं पाण्यात कुणी नाही. चार दिवसांत १२. वर तुमचं बोअरचं पाणी. फोटोत पीएचची पट्टी ८.२ च्या आसपास दिसते, आपल्या भागातल्या बोअरला हे नवं नाही. पीएच ७ असता, तर ३० अंशांच्या पाण्यात या अमोनियाचा जेमतेम एक टक्का भाग विषारी रूपात राहिला असता. ८.२ ला तोच अकरा टक्क्यांवर जातो. खाद्य तेच, मासे तेवढेच, विष मात्र दहापटीहून जास्त.

‘पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं’ असंही तुम्ही म्हणता. असणारच, अमोनियाला रंग नसतो. तुमच्याच तिसऱ्या फोटोत अमोनियाच्या टेस्टची नळी टाकीच्या काठावर उभी आहे. ती पिवळी असायला हवी, तिथं ती बाटलीच्या काचेसारखी गडद हिरवी दिसतेय. आणि मागे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. ते भुकेनं करत नव्हते, साहेब, आणि तुम्ही त्यांना आणखी खाद्य टाकलंत.

त्या दिवशी फोनवर आमच्या मुलानं सांगितलं होतं की खाद्य बंद करा आणि एक तृतीयांश पाणी बदला. तुम्ही अख्खी टाकी उपसली आणि खडी ब्लीचिंग पावडरनं धुऊन काढली. स्वच्छता म्हणून केलंत, पण जे काही थोडे जिवाणू धरले होते ते त्यात गेले आणि गाडी पुन्हा पहिल्या दिवसावर आली. म्हणून दुसरे मासेही गेले. मासे तुमच्या गावातल्या दुकानातून आणलेले, त्याचे पैसे मी देणार नाही. पण त्या दुकानदाराचाही यात दोष नाही.

पालकाचं वेगळं. फोटोत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या आहेत, जुनी पानं ठीक आहेत. ही लोहाची कमतरता. नत्र कमी असतं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडली असती. माशांच्या खाद्यात लोह कमीच असतं, आणि ८ पीएचला आहे तेही मुळांना मिळत नाही. कृषी सेवा केंद्रात हिराकस (फेरस सल्फेट) देतील, ते घेऊ नका, या पाण्यात गंजून तळाशी बसेल. ईडीटीएवालं चिलेट, म्हणजे पाण्यात विरघळून राहावं म्हणून बांधलेलं लोह, तेही इतक्या पीएचला टिकत नाही. ईडीडीएचए चिलेट, ६ टक्के लोहवालं मागा, टाकीला १५ ग्रॅम पुरतं. पाणी लालसर होईल, घाबरू नका.

तुम्ही मात्र बेडमध्ये जीवामृत ओतलंत. शेतात ते मीही वापरतो. पण शेण, गोमूत्र, गूळ, बेसन हे मासे असलेल्या पाण्यात गेलं की गोमूत्रातून अमोनिया येतो, आणि गुळावर वाढणारे जंतू रात्रीत ऑक्सिजन संपवतात. सकाळी वास येत होता असं लिहिलंय, तो पंपाचा नव्हता. पुढं कधी मावा पडला तर निंबोळी अर्कही फवारू नका, मासे त्यालाही सोसत नाहीत.

खडीबद्दल मला जरा बोलायचंय, कारण ती मी मुद्दाम देतो. आपली काळी खडी म्हणजे बेसॉल्ट. पाण्यात काही सोडत नाही, पीएच हलवत नाही, जिवाणूंना धरायला खरखरीत पृष्ठभाग आहे, आणि क्ले बॉलच्या कितीतरी कमी पैशात येते. पाऊण इंची, क्रशरवरून चाळून घेतलेली. शंका असेल तर एका खड्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुनखडी, नाही आले तर ठीक. गच्चीवर वजनाचा प्रश्न असतो, तिथं मी स्वतःच क्ले बॉल घ्या म्हणून सांगतो. तुमचं परस जमिनीवर आहे.

‘घरची सगळी भाजी निघेल’ असं आमच्या पत्रकात कुठंही नाही. दोन बेड मिळून सव्वा चौरस मीटर भरत नाहीत. नीट बसलं तर आठवड्याला दोन-तीन जुड्या पालेभाजी, वर पुदिना आणि अळू हवं तेवढं. टोमॅटो पहिल्या वर्षी लावूच नका. आणि तिलापिया का देत नाही विचारलंत, तर त्याच्या पालनाला मत्स्य खात्याची परवानगी लागते. परसातल्या टाकीसाठी त्या फंदात मी कुणाला पाडत नाही.

आता पुढं काय. किट परत करू नका असं मी म्हणणार नाही. मुदत गेली असली तरी आणून द्या, टाकी आणि पंप तपासून वापराची घट वजा करून पैसे देईन. ठेवणार असाल तर टाकी एकदा पूर्ण धुऊन भरा, ब्लीचिंग न वापरता. नळाचं पाणी असेल तर एक दिवस हवेचा पंप लावून ठेवा म्हणजे क्लोरीन उडेल. निम्मं पावसाचं मिळालं तर उत्तम, पीएच आपोआप उतरेल. लिंबू पिळू नका. मग आमच्याकडे या आणि चालू बेडमधली पिशवीभर ओली खडी घेऊन जा, पैसे नाहीत. विरजण लावतात तसं ती तुमच्या खडीत मिसळा, वाटेत सुकू देऊ नका. रोज चिमूटभर खाद्य टाका, मासे नसतानाच. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की २० मासे सोडा, ८० नाही.

टेस्टचं नवं किट मी पिशवीसोबत देतो. दर तीन दिवसांनी नळीचा फोटो दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदासमोर काढून दुकानाच्या नंबरवर पाठवा. रविवारी दुकान दुपारी एकपर्यंतच उघडं असतं.