ग्लोव्हज घातले की झालं!

दातांच्या दवाखान्यात नुकत्याच कामाला लागलेल्या पोरी, अभिनंदन. कोर्स नाही, परीक्षा नाही. सोमवारी विचारायला गेलीस आणि मंगळवारी ॲप्रन घालून खुर्चीशेजारी उभी राहिलीस. डॉक्टरांना समजावून सांगायला सवड नाही, आणि आधीची मुलगी लग्न होऊन निपाणीला गेली. तेव्हा चार हिताच्या गोष्टी मीच सांगते. ऑपरेशन थिएटरात जन्म काढलेली रिटायर्ड सिस्टर आहे मी. निर्जंतुक म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता. गेल्या आठवड्यात कोल्हापुरात राजारामपुरीत दाढेचं रूट कॅनाल करून घ्यायला गेले आणि तिथल्या तुझ्याच वयाच्या मुलीनं माझे डोळे उघडले. तोंड तर उघडंच होतं.

हात धुण्यापासून सुरुवात करू. धुवू नकोस. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं प्रसूतीच्या वॉर्डात सगळ्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात बुडवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू धडाधड कमी झाले, आणि शेवटी त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. हात धुवा म्हणणाऱ्याचं काय होतं ते बघ आणि शहाणी हो.

आता ग्लोव्हज. खरी विद्या इथं आहे. ग्लोव्हज एकदा चढवले की ते स्वच्छच असतात, काहीही केलं तरी. मी खुर्चीत आडवी असताना त्या मुलीनं एकाच जोडीत किती कामं उरकली म्हणून सांगू! ट्रे लावला. अपॉइंटमेंटचा फोन घेतला, मान वाकडी करून खांद्यात धरला, मग परत हातात घेतला. ड्रॉवर उघडून कापूस काढला. मास्क घसरला होता तो नाकावर ओढला, कपाळावरचे केस मागं सारले. बाहेरच्या पेशंटला पैसे भरायला क्यूआर कोडचा स्टँड नेऊन दाखवला. त्याच्या फोनला रेंज नव्हती, म्हणून त्यानं पाचशेची नोट काढली, तीही हिनं घेतली आणि गल्ल्यातनं सुट्टे मोजून दिले. कुरिअरवाला आला, त्याची सही केली. आणि मग आली, गोड हसली, अंगठ्यानं माझा गाल बाजूला ओढला आणि सक्शनची नळी जिभेखाली सरकवली.

मी हात वर केला. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय का काकू?" मी म्हटलं, दुखत नाही, हिचे ग्लोव्हज बदला. अर्थात तोंडात रबर, कापूस आणि चार बोटं असताना ते "आँ आँ" असंच बाहेर पडलं. डॉक्टरांनी आणखी एक भुलीचं इंजेक्शन दिलं. नंतर चूळ भरताना नीट सांगितलं, तर ती पोर म्हणते, "आत्ताच घातलेत काकू." आत्ताच! अगं, ती नोट सकाळपासून कपिलतीर्थ मार्केट फिरून आली असेल! ग्लोव्हज तुझ्या हाताला माझं रक्त लागू नये म्हणून असतात, हे तुला कुणीतरी सांगितलंय. पण तुझ्या हाताचं, फोनचं, गल्ल्याचं माझ्या तोंडात जाऊ नये म्हणूनही असतात, हे कोण सांगणार? एक पेशंट, एक जोडी. मधे फोन घ्यायचा असेल तर काढायचे, टाकायचे, हात धुवायचे, फोन घ्यायचा, परत हात धुवायचे, नवे घालायचे. एवढं होत नसेल तर फोन वाजू दे! दाताच्या दवाखान्याचा फोन आहे तो, अग्निशमन दलाचा नाही. आणि ग्लोव्हजवरनंच सॅनिटायझर चोळायचं हे कुणाच्या डोक्यातनं निघालं? त्यानं रबर खराब होतं, बारीक भोकं पडली तर दिसतही नाहीत. चहापेक्षा स्वस्त जोडी असते गं, चहापेक्षा.

असो. मी चिडणार नव्हते.

लाइटचं हँडल पुसू नकोस. डॉक्टर दिवसभर तेच धरतात, त्यांना सवय झालीय.

एअरोटर, म्हणजे ते किर्रर्र करणारं हत्यार, स्पिरिटच्या बोळ्यानं बाहेरनं छान पूस. चकाकलं पाहिजे. त्याची टर्बाइन मिनिटाला ३ ते ४ लाख फेरे घेते आणि थांबताना पेशंटची लाळ आणि रक्त आत ओढून घेऊ शकते. पुढच्या पेशंटच्या तोंडात सुरू केलं की आतला ऐवज त्याला मिळतो. पण तो आत असतो, आणि तू बाहेर पुसतेस, त्यामुळं तुझ्यावर काही येत नाही. दर पेशंटनंतर काढून, तेल देऊन, कागदी पाऊचमध्ये घालून ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करायचं असतं म्हणे. मग संध्याकाळच्या गर्दीला किमान पाच-सहा लागतील. तुझ्या डॉक्टरांकडं दोन आहेत, आणि त्यातलं एक दुरुस्तीला गेलंय. छताला मात्र नवीन फॉल्स सीलिंग झालंय.

खुर्चीच्या बाटलीत पाणी नळाचंच भर. बारीक नळ्यांत आतनं बुळबुळीत थर धरतो, त्यात जंतूंचा सुखाचा संसार चालतो. दर पेशंटनंतर २०-३० सेकंद पाणी नुसतं सोडून त्यांना उगाच त्रास देऊ नकोस.

यूव्हीची निळी पेटी पेशंटच्या नजरेसमोर ठेव. त्या उजेडानं हत्यारं निर्जंतुक होत नाहीत, पण पेशंट खूश होतो.

ऑटोक्लेव्हचं म्हणशील तर रात्री एकदा लाव, सगळं कोंबून. पाऊचला पाऊच चिकटला तरी हरकत नाही, वाफ काय, वाट काढेल. १२१ डिग्रीला, १५ पौंड प्रेशरवर १५ ते २० मिनिटं, किंवा १३४ ला ३ मिनिटं, असं आम्हाला शिकवलं होतं. आणि वेळ मोजायची ती तापमान गाठल्यावर, बटण दाबल्यापासून नाही. तू बटणापासून मोज, लवकर घरी जाशील. पाऊच ओले असतानाच काढून ड्रॉवरमध्ये टाक. ओल्या कागदातनं जंतू आत शिरतात, पण ड्रॉवर बंद असतो ना. आणि पाऊचवरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या की फत्ते! त्या रेघा एवढंच सांगतात की पाऊचला उष्णता लागली. आतला जंतू मेला की नाही ते कळायला आठवड्यातनं एकदा जिवंत बीजाणूंची, म्हणजे सहजी न मरणाऱ्या चिवट जंतूंची, कुपी आत ठेवून तपासायची असते. ही कुपी मी विचारली तर डॉक्टरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी दवाखान्यातच तांबडा-पांढरा रस्सा मागितलाय.

कचऱ्याच्या पिशव्या भिंतीच्या रंगाला शोभतील अशा घे. पिवळी, लाल, पांढरा डबा, निळा खोका हे २०१६ च्या नियमातलं कौतुक तपासणीच्या दिवसापुरतं.

वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी कॅप लाव, म्हणजे नेम चुकला तर बोट तयारच. ट्रेवर कॅप ठेवून एका हातानं सुई आत सरकवणं हे भित्र्यांचं काम. टोचली तर डॉक्टरांना सांगू नकोस, ओरडतील. हिपॅटायटिस बी निघाली तर "कावीळ झाली" म्हण. आपल्याकडं कावीळ म्हटलं की लोक पंचगंगेच्या पाण्याला नाव ठेवतात, २०१२ ची इचलकरंजीची साथ अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. ती पाण्यातली, ई प्रकारची होती. ही रक्तातली, आणि वाळलेल्या रक्ताच्या डागात ७ दिवस तग धरते. लायटीच्या हँडलवरसुद्धा. पण कोण बघतंय?

शेवटचं, सलाईनची बाटली. एकदा उघडली की तोंडाला कापसाचा बोळा लाव आणि संपेपर्यंत वापर. फेकायला जीव होत नाही. उघडायला हाताशी येईल ते हत्यार...

नाही. हे मला गमतीत लिहिता येणार नाही.

तमिळनाडूत वाणियंबाडीला २०२३ साली एका दातांच्या दवाखान्यात हेच झालं. हिरडी सोडवायच्या हत्यारानं सलाईनची बाटली उघडायची, सैल झाकून ठेवायची, पुन्हा तीच वापरायची. बाटलीत मातीतला जंतू गेला आणि पेशंटच्या मेंदूपर्यंत पोचला. त्या दवाखान्याशी संबंध आलेले १० जण आजारी पडले, त्यातले ८ मेले. दाढ दुखते म्हणून गेलेली माणसं. सलाईनच्या बाटलीची किंमत किती असते हो डॉक्टर?

हो, आता तुमच्याशीच बोलते. ती पोर बारावी झालेली, घरच्यांना हातभार लावायला आलेली. तिला ग्लोव्हज कधी काढायचे ते माहीत नाही, कारण तुम्ही सांगितलं नाही. १९४८ च्या डेंटिस्ट ॲक्टनं दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टची नोंद ठेवली, कवळ्या बनवणाऱ्या मेकॅनिकची ठेवली. दिवसभर तुमच्या शेजारी उभी राहून लोकांच्या तोंडात हात घालणाऱ्या ह्या मुलीचं नाव कुठल्याच वहीत नाही. तुम्ही पाच वर्षं शिकलात, तिला पाच तास द्या. फोन आणि गल्ला दुसऱ्या कुणाकडं सोपवा, नाहीतर स्वतः उठा. एअरोटर विकत घ्या, सीलिंग पुढच्या वर्षी करा. सुई टोचली तर ओरडायचं नाही, ताबडतोब साबण-पाण्यानं धुऊन तिला सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी इस्पितळात, घेऊन जायचं. एचआयव्हीच्या गोळ्या जमलं तर २ तासांत सुरू व्हाव्या लागतात, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

आणि हिपॅटायटिस बीची लस. तिला विचारलं तर म्हणाली, "लहानपणी काहीतरी दिलेलं असेल." असेल! रक्तात हात घालणाऱ्या माणसाला "असेल" चालत नाही. कार्ड बघा, नसेल तर तीन डोस: आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. नंतर महिना-दोन महिन्यांत रक्त तपासून लस लागू पडली का ते बघायचं. पहिला डोस ह्याच आठवड्यात द्या. आणि त्याचे पैसे तिच्या पगारातनं कापू नका.