बाटली पेटीत नाही, पेटीशेजारी

पाऊस सुरू झाला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोहगडाचे व्हिडिओ यायला लागतात. त्यात धुकं कमी, बाटल्या जास्त. खाली नाशिकच्या मामांचं ठरलेलं वाक्य: ‘आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही. तुमच्या जर्मनीत चालेल का गं असं?’

चालतं, मामा. म्युनिकमध्ये इझार नदीच्या काठी फ्लाउखर नावाची जागा आहे. उकाड्याच्या शनिवारी लोक तिथे चटया टाकून बसतात, चुली पेटवतात. रविवारी सकाळी फिरायला जावं तर कचऱ्याच्या पेट्या भरून वाहत असतात, भोवती पिझ्झाची खोकी आणि त्यांवर कावळे. बाटल्या मात्र फारशा दिसत नाहीत. त्याचं कारण रक्तात नाही, डिपॉझिटमध्ये आहे. एकदा वापरून टाकायच्या बाटल्या आणि डब्यांवर 2003 पासून ते घेतात, हल्ली 25 सेंट. दुकानातल्या मशीनमध्ये बाटली सारायची, पावती घ्यायची, तिचे पैसे परत. ज्याला तेवढाही कंटाळा, तो बाटली पेटीशेजारी उभी करून ठेवतो. मग सायकलला पिशव्या अडकवलेले एखादे आजोबा येऊन ती नेतात.

मी नवी असताना बाटली पेटीत टाकली होती. शेजारच्या चटईवरची मुलगी उठली, हात घालून ती बाहेर काढली, शेजारी ठेवली आणि माझ्याकडे बघून हसली. बोलली काहीच नाही. परत कधी माझ्याकडून तसं झालं नाही.

आणि सुट्टीत स्पेनच्या मायोर्का बेटावर जाऊन धुडगूस घालतात त्यांत हेच जर्मन असतात (ब्रिटिशही, उगीच एकट्यांना कशाला). तिथल्या सरकारने 2020 मध्ये कायदा करून दारूबाजीच्या ठरावीक भागांत हॅपी अवर बंद केले. माणसं तीच, जागा बदलली.

माझंही तेच. म्युनिकमध्ये ट्रामचं तिकीट घरापर्यंत खिशात आणणारी मी, मागच्या खेपेला लोहगडावर चिक्कीचा कागद तटाच्या फटीत खोचून मोकळी झाले. फटीत आधीच पाच-सहा कागद होते. ‘इथेच ठेवतात वाटतं’ एवढाच विचार, तोही पुरता केला नाही.

म्हणून त्या व्हिडिओंची मला धास्ती वाटते. अमेरिकेत ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले दगड झालेल्या लाकडाचे तुकडे लोक पळवायचे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणेचे तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. ‘आजवर अनेकांनी तुकडे नेले, त्याने जंगलाची रया गेली’ अशी पाटी असताना सुमारे 8 टक्के तुकडे गेले. नुसतं ‘कृपया नेऊ नका’ म्हटलं तेव्हा 2 टक्क्यांहूनही कमी. ‘बघा, सगळे कसे घाण करतात’ हे मामांचं फॉरवर्ड म्हणजे ती पहिली पाटीच.

डिपॉझिट ही काही जर्मन अक्कल नव्हे. 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत आपल्या राज्यानेही पाण्याच्या बाटलीवर एक-दोन रुपये लिहिले होते. लोहगडावर क्रेट घेऊन बसलेल्या मावशींना मी विचारलं, रिकामी परत घेता का? त्या म्हणाल्या, ‘रिकामी? तिचं मी काय करू?’ बरोबरच आहे. क्रेट खालून वर आणायचेच कष्ट पुरेसे, रिकाम्या बाटल्या खाली नेण्याचे पैसे त्यांना कोण देणार? तमिळनाडूत निलगिरीत 2022 पासून सरकारी दारूदुकानं बाटलीमागे 10 रुपये जास्त घेतात आणि रिकामी आणली की परत देतात. डोंगर तिथेही आहेत, माणसंही आपलीच.

मामांना एवढं सगळं लिहिलं. शेवटी विचारलं, ‘तुमच्या लहानपणी गोटी सोड्याची बाटली कुणी रस्त्यावर टाकायचं का हो?’ निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.