निघाली का?

काल रात्री पानावर बसल्या बसल्या सासऱ्यांनी पाचव्यांदा विचारलं, "निघाली का?" बाळंतिणीच्या खोलीबाहेर विचारावं तशा दबक्या आवाजात. आमटी वाढता वाढता बायकोने माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंनीही पाहिलं. निघाली नव्हती.

'ती' म्हणजे ३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी. शनिवारी दुपारपासून माझ्या साइझिंग डायमध्ये, म्हणजे पुंगळी मापात आणायच्या साच्यात, गच्च. कड उपटून तिला बुडाशी धरणाऱ्या शेल होल्डरमध्ये राहिली आणि बाकीचं धड आत.

इकडे टेक्सासात हा उद्योग लोणचं घालण्याइतका घरगुती आहे. उडालेली पुंगळी फेकायची नाही. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली), दारू आणि गोळी नवी, पितळ तेच. फक्त उडताना ते पितळ फुगून बंदुकीच्या चेंबरएवढं, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीएवढं, झालेलं असतं, म्हणून पोलादी डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायचं. मध्ये वंगण हवं. कोरडं पितळ पोलादाला असं काही चिकटतं की जणू जन्मोजन्मीची ओळख. त्यात गंमत अशी की आत जाताना प्रेसच्या लिव्हरचा सगळा जोर पुंगळीच्या बुडाला मिळतो, आणि बाहेर येताना तोच जोर जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या कडेवर येतो. कड बिचारी किती सोसणार?

माझे सासरे खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले. फॅक्टरी १८६९ सालची, आणि बोलण्यावरून वाटावं की पहिल्या दिवसापासून हजेरीपटावर हेच होते. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत. पहिले दोन आठवडे त्यांनी माझी हिरवळ कापण्याची पद्धत सुधारली. तिसऱ्या आठवड्यात त्यांना गॅरेज सापडलं.

"हे काय, एकेक करून दाबता?"

"हो बाबा. सिंगल स्टेज प्रेस आहे."

"दिवसाला किती?"

"रविवारी दोनशे होतात."

यावर ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, एखाद्याने मंगल कार्यालयात कुकर घेऊन यावं आणि आचाऱ्याने हलवावी तशी.

"वंगण काय वापरता?"

"लॅनोलिन. मेंढीच्या लोकरीतून निघतं ते. एक भाग लॅनोलिन, दहा-बारा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकीचं पाणी असतं, त्यात नीट मिसळत नाही."

"मेंढी," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग, "आम्ही साबणाचं पाणी सोडायचो. धो धो. लाखांनी पुंगळ्या ओढल्या, जावईबापू, एक अडकली नाही."

आता हे खरं आहे आणि गैरलागूही. कारखान्यात पितळेची वाटी टप्प्याटप्प्याने ओढून पुंगळी करतात, वर साबणाच्या पाण्याची संततधार, मधूनमधून पितळ तापवून मऊ करायचं, शेवटी धुऊन टाकायचं. माझ्याकडे संततधार कुठली? माझ्याकडे फवाऱ्याची एक बाटली आणि झिपची पिशवी. पिशवीत पन्नास पुंगळ्या घालायच्या, चार-पाच फवारे मारायचे, तोंडं वर येतील अशा धरून एखादा फवारा मानेच्या आतही जाईल असं बघायचं, आणि पिशवी बाळाच्या खुळखुळ्यासारखी हलवायची. मग पाच ते दहा मिनिटं थांबायचं. सगळी मेख या थांबण्यात आहे. अल्कोहोल हे फक्त वाहन आहे, वंगण नव्हे. ते उडून गेलं की लॅनोलिनचा पातळ थर उरतो आणि बोटाला किंचित चिकट लागतो. ओली पुंगळी डायमध्ये घालणं म्हणजे कोरडीच घालणं.

मी थांबलो होतो. दोन मिनिटं. कारण शेजारी सासरे उभे होते.

"झालं की. लावा आता."

"थोडं वाळू दे, बाबा."

"वाळवल्यावर वंगण कसं राहील?"

या प्रश्नाला उत्तर आहे, वर दिलंच आहे, पण जावयाला ते शनिवारी दुपारी सुचत नाही. मी पुंगळी शेल होल्डरमध्ये सरकवली. त्यात आणखी दोन पापं माझी स्वतःची. एक, पुंगळ्या आदल्या रात्री स्टीलच्या पिनांबरोबर पाण्यात फिरवून लखलखीत धुतलेल्या. इतक्या स्वच्छ पितळाला जुन्या काजळीचा निसरडेपणाही उरत नाही, ते जास्तच पकडतं. दोन, डायही आतून पुसून कोरडी केलेली. कोरड्या डायमधली पहिली पुंगळी नेहमी जरा सढळ हाताने माखायची असते, म्हणजे डायलाही थोडं लागतं. पुढच्यांना मग कमी पुरतं.

अर्ध्यात लिव्हर जड झाला. हा क्षण ओळखता येतो. हाताला मऊ दाब लागायच्या ऐवजी करकर जाणवते. इथे थांबायचं, पुंगळी मागे घ्यायची, पुसायची, पुन्हा वंगण लावायचं. हे मला माहीत आहे. हे मी दुसऱ्यांना सांगतो.

"जोर लावा," सासरे म्हणाले.

मी लावला.

तेव्हापासून घरात प्रत्येकाकडे उपाय आहे. सासूबाईंनी खोबरेल सुचवलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, मी तर कधीच वंगण लावत नाही. त्यांच्याकडे फक्त नऊ एमएमचं पिस्तूल आहे! त्या जवळजवळ सरळसोट पुंगळीला कार्बाइडच्या, म्हणजे फार कठीण पदार्थाच्या, कड्याची डाय मिळते, तिला खरंच काही लागत नाही. रायफलच्या पुंगळीला मान आहे, खांदा आहे, तिथे कार्बाइड घेतली तरी वंगण सुटत नाही. पण हे ऐकून घ्यायला ते थांबले नाहीत, सल्ला देणारे थांबत नसतातच.

सासऱ्यांनी डाय फ्रीजरमध्ये ठेवायला लावली. भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूने आहे, पितळ पोलादापेक्षा दीडपटीहून जास्त आकसतं. पण बारा मिलिमीटर जाडीच्या पुंगळीला घरच्या फ्रीजरमध्ये त्यातून मिळणारी ढील म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा हिस्सा. रात्रभर डाय मटारांशेजारी झोपली. सकाळी पुंगळी तिथेच, आणि बायको मटार टाकून देऊया म्हणाली.

शेवटी आज गुपचूप रीतसर काढायला बसलो. आधी डायच्या माथ्यावरचं नट सैल करून आतला दांडा जमेल तितका वर घ्यायचा, नाहीतर ड्रिल त्याच्या सुईवर आदळतं. डाय व्हाइसमध्ये उलटी धरायची. प्रायमरच्या खळग्यातून सात नंबरचं ड्रिल सरळ घालायचं. खळगा त्याहून किंचित मोठा असतो, त्यामुळे वाट आपोआप मिळते आणि फक्त तळातलं बारीक भोक मोठं होतं. मग आटे पाडायचा पाव इंची टॅप, इंचाला वीस आट्यांचा...

"टॅपला तेल लावलं का?"

ते दारात उभे होते. हातात टॉर्च.

लावलं नव्हतं. त्यांनी खिशातून खोबरेलाची बाटली काढली. म्हणजे तयारीनेच आले होते. पुढची वीस मिनिटं त्यांनी टॉर्च धरला आणि मी अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे आटे पाडले. डायच्या तोंडावर पुंगळी आत मावेल असा सॉकेट उपडा ठेवला, त्यावर वायसर, त्यातून बोल्ट. पाना फिरवत गेलो. दहाव्या-बाराव्या फेऱ्याला टक् झालं आणि पुंगळी सॉकेटात आली, अंगावर उभे ओरखडे घेऊन.

"निघाली!" ते इतक्या जोरात ओरडले की शेजारच्यांचा कुत्रा भुंकला.

डायमध्ये पितळेचा एक चरा चिकटून राहिलाय, तो पॉलिशने घासून काढावा लागेल, नाहीतर पुढच्या प्रत्येक पुंगळीवर तीच रेघ उमटेल. एका पुंगळीसाठी मी ड्रिल, टॅप, सॉकेट आणि दोन दिवस खर्च केले. आणि आता मी भीतीने जास्त माखणार हे मला दिसतंय. जास्त झालं की खांद्यावर साचतं, दाबलं जात नाही, पितळच आत दबतं, खड्डे पडतात. बारीक खड्डे पुढच्या बाराला भरून निघतात, म्हणून इलाज नाही असं नाही, पण दिसतं वाईट. सासूबाई म्हणतात मोदकाच्या साच्यालाही तूप बोटभरच. हे त्यांनी शनिवारी सांगायला हवं होतं. आणि शेवटी सगळं पुसायचं असतंच. चेंबरच्या भिंतीला पुंगळीने धरायला हवं. तेलकट राहिली तर सगळा धक्का थेट रायफलच्या बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दट्ट्यावर, जातो. मानेत राहिलेलं तेल दारूही बिघडवतं.

संध्याकाळी सासऱ्यांनी ती पुंगळी बोल्टासकट रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवलेली मला सापडली. खडकीच्या मित्रांना दाखवायची होती. मुंबईच्या विमानतळावर बॅगेत रिकामी पुंगळी निघाली तरी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागू शकते, हे समजावता समजावता माझा घसा बसला. "रिकामी आहे की!" एवढंच ते म्हणत राहिले. अखेर फोटोवर तडजोड झाली. तो त्यांनी निवृत्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, 'जावईबापूंचा पराक्रम' असं लिहून.

आत्तापर्यंत अकरा उत्तरं आलीत. त्यातली नऊ एकच आहेत: "साबणाचं पाणी नव्हतं का?"