"कुंडीत माती नव्हती, नुसते लाकडाचे तुकडे" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि खरं सांगते, नीट झोप लागली नाही. आमच्या दुकानातून एवढ्या हौसेने नेलेलं ऑर्किडचं झाड तुमच्या डोळ्यांसमोर बसत गेलं आणि तुम्ही मेसेज केलात तेव्हा दोन दिवस आमच्याकडून उत्तर आलं नाही, याबद्दल मनापासून सॉरी. त्या आठवड्यात घरात आजारपण होतं, पण ती आमची अडचण, तुम्ही का सोसायची.

तुम्ही लिहिलंय की कुंडीत मातीच नव्हती, नुसते लाकडाचे तुकडे भरून दिले, शेवटी स्वतः माती आणून झाड नीट लावावं लागलं, तरी सडलं, वर पांढरी कीड निघाली, आणि "माहीत असून किडकं झाड गळ्यात मारलं". उशीर झाला ते मान्य केलंच, किडीचंही खाली बोलते, पण त्या लाकडाच्या तुकड्यांबद्दल मला लिहावंच लागेल सर, कारण हे वाचून उद्या चार लोक म्हणतील की ही बाई मातीतसुद्धा काटकसर करते.

ते तुकडे म्हणजे झाडाची साल, बार्क म्हणतात ती. तुम्ही नेलेलं ऑर्किड, फॅलेनॉप्सिस जातीचं, जंगलात जमिनीत वाढत नाही, दुसऱ्या झाडाच्या खोडाला, फांदीला मुळांनी घट्ट धरून वर बसलेलं असतं. पाऊस आला की मुळं भिजणार, वारा लागला की सुकणार, ही त्याची जन्माची सवय. मुळांवर स्पंजासारखं एक आवरण असतं, ते कोरडं असताना चंदेरी दिसतं आणि भिजलं की दोन मिनिटांत हिरवं होतं, म्हणूनच आम्ही पारदर्शक कुंडी देतो, बाहेरून मुळं बघून पाण्याचं कळावं म्हणून, स्वस्त प्लास्टिक म्हणून नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सालीच्या तुकड्यांमध्ये ती हवा खेळते, मातीत बारीक कण एकमेकांना चिकटतात, पाणी धरून ठेवतात आणि मुळं गुदमरून सडतात. आणि ती साल आम्ही नुसती पोत्यातून ओतत नाही, चाळून चुरा काढतो, रात्रभर भिजवतो, कोळसा मिसळतो, हे सगळं मी हाताने करते, संध्याकाळी नखांच्या कडा काळ्या पडलेल्या असतात आणि तुसं टोचतात ती वेगळीच. म्हणून "लाकडाचे तुकडे भरून दिले" हे वाक्य फार लागलं.

तुम्ही नेल्यावर तिसऱ्याच दिवशी मला फोटो पाठवला होतात, "घर भरल्यासारखं वाटतंय" असं लिहिलेलं, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात पारदर्शक कुंडी दिसते आणि कुंडीला चिकटलेली जाड हिरवी मुळं दिसतात. आणि आता रिव्ह्यूला लावलेल्या फोटोत, ११ आठवड्यांनंतर, चकचकीत चिनीमातीची कुंडी आहे, गळ्यापर्यंत काळी माती, कुंडीला खाली भोक दिसत नाही आणि काठावर ओलीची रेघ आहे. मी दोष द्यायला म्हणून सांगत नाहीये, पण दोन फोटो शेजारी ठेवले तर काय झालं ते कोणालाही दिसेल.

आता माझी जी खरी चूक आहे ती सांगते. तुम्ही विचारलं होतं, "पानं सुरकुतलीत, काय करू?" आणि मी दोन दिवसांनी घाईत एक ओळ टाकली, "पाणी कमी-जास्त होत असेल, बघा." हे उत्तर नव्हतं. पानं सुरकुततात ती पाणी कमी पडल्यावर, आणि मुळं सडल्यावरही अगदी तशीच सुरकुततात, कारण सडलेली मुळं पाणी ओढूच शकत नाहीत, म्हणजे कुंडीत पाणी आणि झाड तहानलेलं. नुसतं पान बघून फरक कळत नाही, मुळं बघावी लागतात. मी तेव्हाच मुळांचा फोटो मागायला हवा होता. तुम्ही समजलात की पाणी कमी पडतंय आणि रोज घालायला लागलात, कोणीही तेच केलं असतं. आणि आमच्या लेबलवर "आठवड्यातून एकदा पाणी" एवढंच छापलंय तेही अर्धवट आहे हे मला आता पटतंय, गारठ्यात तेच पाणी दहा-बारा दिवस पुरतं, उन्हाळ्यात पाच दिवसांत मुळं चंदेरी होतात, वार बघून ऑर्किडला पाणी घालता येत नाही. लेबल बदलून घेते.

किडीबद्दल. फोटोत पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय तो मिलीबग, पिठ्या ढेकूण. झाड देताना मी पानांच्या खाली आणि बेचक्यात टॉर्च मारून बघते, फुलदांड्याच्या गाठींवर सुकं पापुद्र्यासारखं आवरण असतं त्याच्याखालीही हे लपतात म्हणून तेही नखाने उचलून बघते. तुमच्या झाडाचे सगळे पापुद्रे मी त्या दिवशी उचलले होते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुकानात गर्दी होती. नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू इतकं बारीक असतं की धूळ वाटावी, एखादं सुटलं असेल तर ती माझी चूक, मी घेते. पण नजरेतून सुटणं वेगळं आणि माहीत असून विकणं वेगळं, सर. तुमच्याच फोटोत मागे क्रोटन आहे, त्याच्याही फांदीच्या बेचक्यात तोच कापूस आहे, मोठा करून बघा. तिकडून इकडे आलं की इकडून तिकडे गेलं हे फोटोवरून तुम्ही सांगू शकत नाही आणि मीही सांगू शकत नाही.

आणि मिलीबगने मुळं सडत नाहीत, तो रस शोषतो, पान पिवळं पडतं, चिकट होतं, त्या चिकटपणावर मुंग्या येतात, काळी बुरशी चढते. मुळांवर राहणारा पिठ्याही असतो हे खरं, पण तुमच्या फोटोतली मुळं तपकिरी, लिबलिबीत आहेत, वरची साल निघून आत नुसता दोरा राहिलाय, ते पाण्याचं काम आहे. तुम्ही लिहिलेली ती बारीक काळी चिलटंसुद्धा सतत ओल्या मातीतच होतात.

झाड अजून टाकलं नसेल तर टाकू नका! मधला कोंब फोटोत हिरवा दिसतोय, म्हणजे अजून आशा आहे. आधी ते इतर झाडांपासून लांब ठेवा. सगळी माती धुऊन काढा, जी मुळं दाबल्यावर मऊ लागतील ती कापा, कात्री आधी अल्कोहोलने पुसून घ्या, कडक मुळं दोन-तीन जरी राहिली तरी झाड वर येऊ शकतं, वेळ लागेल, काही महिने. कापसासाठी ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड, प्रत्येक पांढरा ठिपका टिपून पुसायचा. एकदा करून थांबू नका, अंडी राहतात, ती फुटून पुन्हा पिल्लं येतात, दर सात दिवसांनी निदान पाच-सहा वेळा करायचं, कुंडीच्या काठाखाली आणि पानाच्या अगदी बुडाशी पण. त्या दिवसांत कडक ऊन नको. पाणी सकाळी, आणि मधल्या कोंबात साचलं तर टिश्यूने टिपून घ्या, तो सडला तर मग माझ्याही हातात काही राहत नाही.

नाहीतर सरळ माझ्याकडे घेऊन या, मी तुमच्यासमोर सालीत लावून देते, त्याचे काही घेणार नाही. झाड नाहीच वाचलं तर काय करायचं ते आपण समोर बसून बोलू. यापुढे झाड देताना मुळं आणि पाणी दाखवूनच देणार आहोत, गर्दी असली तरी, आणि मेसेजचंही काहीतरी नीट बघते.

एकच विनंती. एक स्टार राहू द्या, राग रास्त आहे तुमचा, पण "माहीत असून" एवढं काढता आलं तर बघा. हे दुकान दोघं मिळून चालवतो, लोक विश्वासावर येतात.

ती चिनीमातीची कुंडी छान आहे, ती पण आणा, पारदर्शक कुंडी तिच्या आत बसेल, पाणी घालून झालं की पंधरा मिनिटांनी तळाशी साचलेलं ओतून द्यायचं बास. आणि क्रोटनचाही एक जवळून फोटो पाठवा, तेही बघून घेऊ.