ऑस्ट्रेलियन झाडाची मुळं कापली की ते मरतं? आधी सांगा, कधी कापली

बोन्सायच्या नादी लागलेल्या मंडळींमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या झाडांच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्या मुळांना हात लावलेला चालत नाही, जुन्या लाकडावर फूट येत नाही, पाणी आणि खत जवळजवळ द्यायचंच नसतं, आणि एवढं सांभाळूनही जे उभं राहतं ते बोन्साय दिसत नाही. मेलबर्नला मी हीच झाडं वाढवतो. हा सल्ला वाचून लोक चांगली झाडं सोडून देतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मुळांचा आरोप सगळ्यात मोठा. तो आला कुठून हे समजून घ्या. बोन्सायची बहुतेक शिकवण जपानी झाडांवर बेतलेली आहे. जपानी मेपल हिवाळ्यात पानं झाडून झोपतो, आणि फांद्यांवरचे डोळे (नव्या कोंबांच्या कळ्या) फुगू लागले की थंडीच्या अखेरीस त्याची मुळं छाटतात. मेलबर्नला ऋतू आपल्या उलटे, तो काळ तिथे ऑगस्टच्या आसपास येतो. त्याच मुहूर्तावर कोणी बँक्सियाची (हे ऑस्ट्रेलियाचं मूळचं, कडक पानांचं झाड) किंवा निलगिरीची मुळं कापली तर झाड जाण्याची शक्यता बरीच. ही सदाहरित झाडं तशी झोपत नाहीत. थंडीत त्यांची नवी मुळं हलत नाहीत, आणि कापलेली टोकं गार, ओल्या मातीत कुजतात. तेच काम मेलबर्नच्या नोव्हेंबर-डिसेंबरात, हवा तापल्यावर आणि नवी पालवी जोरात असताना करा. आपल्याकडे वडाची कुंडी बदलायला लोक पावसाची वाट बघतात, त्यामागचं कारण हेच.

नर्सरीतला पेपरबार्क, म्हणजे मेलाल्युका, प्लॅस्टिकच्या कुंडीतून उपसला की तळाशी मुळांचं घट्ट कडं दिसतं, अगदी कुंडीच्या गोलाईचं. ते करवतीने सपाट कापायचं. कडेची मुळं काडीने सोडवायची, पण मधला गड्डा धुऊन उघडा करायचा नाही. पाणी सोडल्यावर कापलेल्या बाजूने बारीक खडीची माती नीट बसली आहे ना, ते बोटांनी दाबून बघायचं. वरची पालवी थोडी कमी करायची आणि कुंडी काही आठवडे सावलीत, वाऱ्यापासून दूर ठेवायची. बँक्सियाच्या बाबतीत हात अजून आखडता घ्या, एका वेळी थोडीच मुळं काढा. पण मुळांना हातच लावायचा नाही, असं मुळीच नाही.

जुन्या लाकडावर फूट येत नाही, हा दावा तर ऑस्ट्रेलियाच्या जंगलाकडे पाठ फिरवूनच करता येतो. 2019-20 च्या वणव्यांनंतर काळ्या ठिक्कर खोडांवर, बुंध्यापासून वरपर्यंत, लव उगवावी तशी कोवळी पालवी आलेली जगाने पाहिली. निलगिरीच्या जाड सालीखाली खोलवर फुटीची तयारी असते. त्यातच अनेक जातींच्या बुंध्याशी, रोप लहान असतानाच, एक गाठ धरते. तिला लिग्नोट्यूबर म्हणतात. वरचं सगळं जळालं तरी त्या गाठीतून झाड पुन्हा उभं राहतं. सिडनीच्या बॉटनी बेवर जोसेफ बँक्स यांनी 1770 साली गोळा केलेल्या बँक्सिया सेराटालाही अशी गाठ असते, आणि कुंडीत तीच गाठ म्हाताऱ्या, रुंद बुडख्याचा आभास देते. कॅलिस्टेमॉन, म्हणजे आपल्या बागांमधला बॉटलब्रश, बिनपानाच्या बुंध्यावर कापला तरी सालीतून ठिकठिकाणी लालसर कोंब काढतो.

अपवाद आहेत, आणि ते माहीत हवेत. लेप्टोस्पर्मम, म्हणजे तिथल्या टी-ट्रीच्या, बऱ्याच जातींची फांदी हिरवा भाग न ठेवता कापली तर ती सुकते. युकॅलिप्टस रेगनान्स हा व्हिक्टोरिया-टास्मानियातला महाकाय वृक्ष. त्याला लिग्नोट्यूबर नसतो, वणव्यात मरतो आणि बियांतून परत येतो. असं झाड निवडून पुढे सगळ्या निलगिरींना दोष देणं योग्य नाही.

पाण्याविषयीचा सल्ला मला धोकादायक वाटतो. देश कोरडा म्हणून झाड कोरडं ठेवा, हे चूक आहे. पेपरबार्कच्या कितीतरी जाती दलदलीत वाढतात. उन्हाळ्यात त्यांची कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली तरी त्या मजेत असतात. आणि बँक्सियाची पानं चामड्यासारखी कडक असल्यामुळे ती तहान दाखवत नाहीत. पान करकरीत वाळलेलं दिसेपर्यंत मुळं संपलेली असतात. म्हणून पान बघत बसू नका, मातीत बोट घाला.

खताच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियाची माती फार जुनी, झिजलेली, स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेली. बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हाकिया यांच्या कुळाने तिच्यातून स्फुरद ओढण्यासाठी झुपक्यांची खास मुळं तयार केली. त्यातल्या बऱ्याच जातींना जास्तीचा स्फुरद नाकारता येत नाही, तो अंगात साठून विषारी ठरतो. आपल्या चहा-कॉफीच्या मळ्यांतला सिल्व्हर ओक याच कुळातला. तेव्हा तो कुंडीत लावलात तर सवयीने बोनमील किंवा डीएपी ही भरपूर स्फुरदाची खतं घालू नका. पण नत्र, पालाश, लोह त्यांनाही लागतं, आणि उथळ कुंडीतून रोजच्या पाण्याबरोबर ते वाहून जातं. कमी स्फुरदाचं खत थोडं थोडं देत राहा. अंजीर कुळाला, मेलाल्युकाला आणि कॅलिस्टेमॉनला एवढं पथ्य नाही.

राहिला ही झाडं बोन्साय दिसत नाहीत हा, म्हणजे परंपरेचा प्रश्न. कॅनबेराच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय बोन्साय आणि पेन्जिंग (कुंडीतल्या झाडांची चिनी कला) संग्रह आहे, आणि त्यात जपानी जुनिपर-मेपलच्या बरोबरीने इथली मूळची झाडंही मांडलेली असतात. समुद्राच्या वाऱ्याने एका अंगाला झुकलेला बँक्सिया किंवा पोकळ खोडाचा जुना गम ट्री, म्हणजे निलगिरी, हे इथले आकार आहेत. पाइनचा आकार त्यांच्यावर लादायची गरजच नाही.

पहिलं झाड कोणतं घेऊ, असं विचारलंत तर माझं उत्तर पोर्ट जॅक्सन फिग, फायकस रुबिजिनोसा. वडाच्याच प्रजातीतलं, दमट हवेत पारंब्या सोडणारं. उन्हाळ्यात पानं काढली की नवी पानं बारीक येतात. वड-उंबरावर ज्याचा हात बसलाय, त्याला यात नवीन शिकण्यासारखं फारसं काही नाही.